मधल्या खोलीतला चहा

आमच्या गावात कुणीही सरकारी माणूस आला, की लक्ष्मम्माच्या घरचा चहा त्याला चुकत नाही. तहसीलची जीप असो, कुठल्या संस्थेचं जाकीट घातलेला पोरगा असो, नाहीतर भिंतीवर टिचक्या मारून बघणारा इंजिनिअर असो. लक्ष्मम्मा डोक्यावरचा पदर सारखा करत रस्त्यावर येते आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणून आडवी उभी राहते. पाहुण्याला वाटतं, काय मायाळू गाव आहे. माझी पिठाची गिरणी तिच्या घराच्या बरोबर समोर आहे. आमंत्रण झालं, की मी गिरणी बंद करून दारात येतो. दळण थांबलं तर थांबलं, एवढी करमणूक फुकटात कुठं मिळते?

कारण लक्ष्मम्मा चहा ओसरीवर देत नाही. अंगणातल्या लिंबाखालीही देत नाही. ती पाहुण्याला घरात बोलावते, पहिली खोली ओलांडायला लावते आणि मधल्या खोलीत सतरंजी टाकते. या खोलीला खिडकी नाही. चारी बाजूंनी भिंती, डोक्यावर स्लॅब, आणि बाहेर यायला एकच वाट, गेलो तीच. पाहुणा मधल्या खोलीच्या तोंडाशी जातो, मान वर करून छताकडं बघतो आणि त्याला एकदम काहीतरी आठवतं. एकाला फोन आला, तो बोलत बोलत बाहेरच गेला. एकाला आत फार उकडायला लागलं. तेव्हा पौष चालू होता. एक इंजिनिअर तर या घराला पुढची शंभर वर्षं काही होत नाही असं सगळ्यांना ठासून सांगून गेला, पण चहा त्यानं लिंबाखाली उभ्या उभ्या प्यायला.

लक्ष्मम्मा कप देते, दाराच्या चौकटीला हात टेकवून उंबऱ्यावर उभी राहते आणि बघते. ती स्वतः कधी मधल्या खोलीत बसलेली मी पाहिली नाही. धान्याची पोती, जुन्या गोधड्या, असलंच काहीबाही त्या खोलीत असतं. पाहुणा गेला की ती कप विसळून पालथा घालते, आणि मी गिरणीतून ओरडून विचारतो, काय अम्मा, नापास का? ती हात झटकते. आम्हाला तेवढ्यावर कळतं की आलेल्या साहेबाच्या बोलण्यावर जायचं नाही.

हा स्लॅबचा एवढा बाऊ का, ते बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आमचं तांबरगाव किल्लारीच्या शेजारचं. आत्ताचं गाव भूकंपानंतर वसवलेलं आहे. सरळ रस्ते, सारखी घरं, मध्ये शाळा आणि शाळेचं मैदान. जुनं गाव ओढ्यापलीकडं बाभळीत गाडलेलं आहे. त्र्याण्णव साली गणपती विसर्जनाच्या रात्री ते पडलं, तेव्हा मला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. लक्ष्मम्मा तेव्हा तिशीच्या अलीकडची. धाकट्या सात वर्षांच्या पोराला, शिवमूर्तीला, लघवीला लागली म्हणून ती त्याला घेऊन अंगणात आली होती. नवरा धोंडप्पा आणि थोरली मुलगी महादेवी आत झोपलेले होते. ती आणि शिवमूर्ती राहिले, आतले दोघं गेले. असं आमच्याकडं घरटी आहे, त्यामुळं कुणी कुणाला फार सांगत बसत नाही.

पण लक्ष्मम्माचं एक वेगळं होतं. पुढं नवी घरं मिळाली, लोक हळूहळू आत निजायला लागले, ही मात्र ओसरीवर बाज टाकून राहिली. शिवमूर्तीचं लग्न झालं, नात झाली, नातीचं लग्न झालं, बाज ओसरीवरच. आणि जमीन जरा कुठं हलली, की ती तीच बाज ओढत नेऊन रस्त्याच्या मधोमध टाकायची. तिची बाज रस्त्यावर आली की सगळं गाव बाहेर. बाज परत ओसरीवर गेली की गाव घरात. तहसीलचे निरोप येतात, मोबाईलवर संदेश येतात, रिक्षावर भोंगा लावून कुणी फिरतं. आम्ही ऐकतो, मान हलवतो आणि अम्माची बाज कुठं आहे ते बघून येतो. यात वेड्यासारखं आहे हे मला कळतं. पण ज्यांनी आम्हाला शहाणपण शिकवायचं ते मधल्या खोलीत एक कप चहा पिऊ शकत नाहीत, मग आमचं काय चुकलं?

या श्रावणात पुन्हा सुरू झालं. आधी जमिनीतून आवाज आले, कुणी खोल विहिरीत सुरुंग उडवावा तसे. मग दोन-तीनदा भांडी वाजली. शेवटचा धक्का सकाळी आला, आणि माझ्या गिरणीच्या जात्यावरची दळणाची टोपली घसरून खाली आली. मी शटर न लावताच पळालो. बाहेर येऊन बघतो तर लक्ष्मम्मा माझ्याआधी रस्त्यावर, बाजेसकट.

त्यानंतर सगळं गाव शाळेच्या मैदानात ताडपत्र्या बांधून राहिलं; लक्ष्मम्मानं मात्र घरापुढं रस्त्यावरच बाजेवर ताडपत्री ताणली. ग्रामपंचायतीच्या एका बंद खोलीत धक्के मोजायचं यंत्र ठेवलेलं आहे. ते चालू आहे की बंद, यावरून मैदानात रोज वाद व्हायचे. कुणी म्हणे त्याची वायर उंदरांनी खाल्ली. कुणी म्हणे यंत्र चांगलं आहे, पण आकडा मोठा आला की वरून दाबून ठेवतात. मोबाईलवर संदेश आला, धक्के सौम्य आहेत, अफवांवर विश्वास ठेवू नका. तो वाचून ज्यांना आजवर शंका आली नव्हती त्यांनाही आली. मीही त्यातलाच. घाबरू नका असं जेव्हा जेव्हा छापून आलं, तेव्हा तेव्हा मी दोन घोंगड्या जास्त बांधून बाहेर पडलो आहे.

आणि मग झड लागली. ताडपत्र्या गळायला लागल्या, खाली चिखल, वरून पाणी. मोठी माणसं खोकत खोकत दिवस ढकलत होती. पण लक्ष्मम्माची नात आरती पहिल्या बाळंतपणाला नांदेडहून माहेरी आलेली होती. तिची मुलगी अजून बारा दिवसांचीही झाली नव्हती. रस्त्यावरच्या त्या बाजेवर, ताडपत्रीखाली, आरती त्या जिवाला छातीशी धरून बसलेली असायची. दोन दिवसांत बाळाला सर्दी झाली, मग छाती वाजायला लागली, आणि एका सकाळी आरतीनं दुपटं बाजूला केलं तर श्वासागणिक बाळाचं पोट उडत होतं.

उपकेंद्राची सिस्टर येऊन औषध देऊन गेली आणि स्पष्ट सांगून गेली, लेकरू कोरड्या उबदार घरात ठेवा, नाहीतर आजच उचलून मोठ्या दवाखान्यात न्या. लक्ष्मम्मा म्हणाली, दवाखान्यावरही स्लॅबच आहे. आरती रडायला लागली. पण आजीचं मोडून घरात जायची तिची हिंमत नव्हती; लहानपणापासून तिनं हीच बाज पाहिलेली. शिवमूर्तीचं तर विचारूच नका. आईनं ज्याला त्या रात्री अंगणात नेलं म्हणून तो जगला, तो आईला आत चल कुठल्या तोंडानं म्हणणार? मी म्हणालो. दोनदा म्हणालो. म्हातारे, लेकराचा जीव घेशील, असंही म्हणालो. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिचा हात बाळाच्या डोक्यावर होता. मला तिचा राग आला होता, आणि त्याच वेळी मला माझं घर आठवत होतं, ज्यात मीही पाऊल टाकायला तयार नव्हतो.

त्याच दुपारी वर्षाराणी आली. ही आमची नवी तलाठी. हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी असं लांबलचक झालंय, पण आम्ही तलाठीच म्हणतो. वय पंचविशीचं, अंगानं किरकोळ, मूळची किनवटकडची, इस्लापूरची. रेनकोट घालून स्कूटीवर आली आणि मैदानात उभी राहून तिनं कागद वाचून दाखवला. घरं सुरक्षित आहेत, नागरिकांनी घरात परत जावं. मला लगेच वास आला. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोठे साहेब पाहणीला येणार असल्याचं कानावर होतंच. मैदान रिकामं दिसायला पाहिजे, फोटो चांगला यायला पाहिजे, त्यासाठी ही पोरगी पुढं पाठवलेली. मी तसं शेजारच्याला मोठ्यानंच सांगितलं. तिनं ते ऐकलं आणि कागद घडी करून रेनकोटच्या खिशात घातला. मैदानात कुणी जागचं हललं नाही.

कुणीतरी तिला म्हणालं, बाई, आधी अम्माला भेटा. तिनं स्कूटी लक्ष्मम्माच्या घरापुढं आणली. लक्ष्मम्मा बाजेवरून उठली, पदर सारखा केला आणि अपेक्षेप्रमाणं म्हणाली, चहा घेतल्याशिवाय जायचं नाही. लेकरू असं तडफडतंय आणि म्हातारीला चहा सुचतोय, म्हणून मी कपाळावर हात मारला. पण मैदानातली माणसं भराभर रस्त्यावर गोळा झाली. आतापर्यंत कधी एवढी गर्दी या चहाला झाली नव्हती.

घर चार-पाच दिवस बंद होतं. पुढचं लाकडी दार पावसानं फुगून चौकटीत बसलं होतं. वर्षाराणीनं हातानं ढकललं, उघडलं नाही; मग खांदा लावला, तेव्हा कर्र करत उघडलं. ती पहिली खोली ओलांडून मधल्या खोलीत गेली आणि सतरंजीवर मांडी घालून बसली. छताकडं पाहिलं नाही. फोन काढला नाही. सून ओसरीवर चूल पेटवून चहा करत होती, तोवर ही आत बसूनच. लक्ष्मम्मानं कप नेऊन दिला आणि नेहमीसारखी चौकटीला हात टेकवून उभी राहिली. वर्षाराणीनं चहा घोटाघोटानं संपवला आणि रिकामा कप खाली ठेवला.

खरं सांगतो, इतक्या वर्षांत हे पहिल्यांदा घडत होतं. मागं बायकांची कुजबूज सुरू झाली, एक-दोघं तर ताडपत्री सोडायला मैदानाकडं निघालेही. आरती बाळाला उचलून उभी राहिली.

लक्ष्मम्मानं कप उचलला, बाहेर आली, बाजेवर बसली आणि शिवमूर्तीला म्हणाली, "ताडपत्री नीट बांध. त्या कोपऱ्यातून पाणी गळतंय."

माझं डोकं सणकलं. मी तिच्यापुढं जाऊन उभा राहिलो आणि तोंडाला येईल ते बोललो. तूच परीक्षा ठरवलीस, ही पोरगी पास झाली, आता आणखी काय तिनं आत संसार मांडायचा का? की तुला कुणावर भरवसा ठेवायचाच नाही आणि हा सगळा तुझा खेळ आहे? आरतीकडं बघ, लेकराकडं बघ. लक्ष्मम्मानं माझं सगळं ऐकून घेतलं. वर्षाराणी ओसरीवर येऊन उभी होती. लक्ष्मम्मा बोलली ती तिच्याकडं बघून.

"भूकंपाच्या आदल्या सालीबी जमीन अशीच हालायची. आमी समदे वावरात निजायचो. तवा एक साहेब आला. लई चांगला माणूस. आमच्या मधल्या घरात मांडी घालून बसला, माझ्या हातचा चहा पिला, वर आणिक एक कप मागून घेतला. म्हणला, काय होत न्हाई, घरात निजा. त्याच्या तोंडावर जरासुदिक भ्या नव्हतं. ते बघून मालकांनी बाजा आत घेतल्या."

पाऊस ताडपत्रीवर वाजत होता. ती पुढं म्हणाली, "गाव गेल्यावर तो परत आला. ढिगाऱ्यापशी बसून लेकरावानी रडला. खोटं बोलला असता तर शिव्या देऊन मी मोकळी झाले असते. पन त्याला खरंच वाटत होतं, काय होत न्हाई म्हणून."

इतकी वर्षं समोर राहून आम्ही त्या चहाचा अर्थ उलटा लावला होता. आत न बसणारे खोटारडे आणि आत बसेल तो खरा, असा आमचा हिशोब. तिची भीती आत निवांत बसणाऱ्याचीच होती. मग एवढ्या जणांना चहा पाजलास कशासाठी, असं मी विचारलं, आता जरा हळू आवाजात. ती म्हणाली, कोण भितं ते बघायला. भ्यालेले पुष्कळ दिसले. पण एकानंही मला भीती वाटते असं सांगितलं नाही, प्रत्येकानं बाहेर हवा चांगली आहे असंच सांगितलं.

वर्षाराणीचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, आता ही स्कूटीला किक मारणार आणि वर कळवणार की गाव अडाणी आहे. ती ओसरीची पायरी उतरून पावसात आली. रेनकोटची टोपीसुद्धा तिनं वर घेतली नाही.

"अम्मा, मला आत बसायचं सांगून पाठवलंय," ती म्हणाली. "तुमचा चहा ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. तांबरगावला जाणाऱ्याला सांगतात, मधल्या खोलीत बस, कप संपव, गाव आपोआप घरात जातं. मी बसले. पण घोट गिळवत नव्हता."

गर्दीतून कुणीतरी हसलं, कुणीतरी शिवी दिली. माझ्या मनात दोन्ही एकदमच आलं. म्हणजे आमच्या परीक्षेचा पेपर त्यांनी आधीच फोडला होता! आमच्या शंकेचंही त्यांनी काम करून घ्यायचं ठरवलं होतं. पण ती थांबली नाही. आधीच्या नेमणुकीचं सांगायला लागली. नांदेड जिल्ह्यात नदीकाठच्या एका गावात ती होती. पुराच्या दिवशी वरून फोन आला की पाणी वस्तीत येणार नाही. तिनं घरोघर जाऊन तेच सांगितलं, आणि सांगताना तिला ते खरं वाटत होतं. संध्याकाळपर्यंत वस्तीत पाणी शिरलं. माणसं पत्र्यांवर चढून वाचली, पण दावणीला बांधलेली जनावरं जागेवर मेली. दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हा कुणी तिला मारलं नाही की बोललं नाही. एका म्हातारीनं नुसतं दार लावून घेतलं.

"तेव्हापासून कागद वाचताना माझी मलाच शंका येते," ती म्हणाली. "घरं सुरक्षित आहेत असं कागदावर आहे. मला माहीत नाही. पण हे बाळ असंच पावसात राहिलं तर काय होईल ते मला माहीत आहे. तुम्हालाबी माहीत आहे."

लक्ष्मम्मानं बाळाकडं पाहिलं. बाळ आता रडतही नव्हतं, आणि तेच सगळ्यांत वाईट होतं. मग तिनं एक विचित्रच प्रश्न केला. आत बसल्यावर सारखी दाराकडं काय बघत होतीस, म्हणाली.

"ते फुगलंय, अम्मा. खांद्यानं ढकलून आत आले. मनात एकच होतं, हलायला लागलं आणि हे लागून बसलं, तर मी बाहेर कशी पडणार?"

लक्ष्मम्मा उठली. ओसरीवर गेली, दार ओढून लावलं आणि उघडायला गेली. उघडेना. तिनं दोन्ही हात लावले, तरी उघडेना. तिचे हात तसेच दारावर राहिले. पाठमोरीच बोलली ते कुणालाच उद्देशून नव्हतं.

"मालक कवाडापतुर आले होते. कडीवर हात होता त्यांचा."

शिवमूर्तीनं आईच्या तोंडून हे कधी ऐकलेलं नव्हतं. ते त्याच्या तोंडावर दिसलं. तो ताडपत्रीची दोरी हातात धरून तसाच उभा होता.

"शिवमूर्ती," ती म्हणाली, "कवाड काढ."

मी गिरणीतून पाना आणि पहार आणली. दार लाथेनं उघडून, गंजलेल्या बिजागऱ्या तोडून आम्ही ते चौकटीतून सुटं केलं आणि लिंबाला टेकवून ठेवलं. मग मधल्या खोलीतली पोती बाहेर काढली, म्हणजे वाटेत पायात काही येऊ नये. शेगडी आली, घोंगडी आली. वर्षाराणीनं ओल्या अंगानंच फरशी पुसली. लक्ष्मम्मानं बाळाला आरतीकडून घेतलं, दुपट्यात गुंडाळून परत तिच्या हातात दिलं आणि आरती त्याला घेऊन आत गेली. लक्ष्मम्मा मात्र आत गेली नाही. तिनं बाज उचलून दाराच्या जागी, उंबऱ्याला लागून टाकली आणि तिथं बसून राहिली. अंधार पडला तरी वर्षाराणी गेली नव्हती. ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, आणि जरा कुठं आवाज झाला की दचकून आत बघत होती.

त्या रात्री जमीन हलली नाही. बाळाची छाती हळूहळू मोकळी झाली, पोट उडायचं थांबलं, आणि दोन दिवसांनी ते गाव डोक्यावर घेईल असं रडायला लागलं. आपण कुणाच्या रडण्यानं एवढे खूश होऊ, असं मला कधी वाटलं नव्हतं.

पुढं काय झालं असेल ते सांगायला नको. गावानं दारं काढली. पलीकडच्या आळीपासून सुरुवात झाली आणि आठवडाभरात जिकडं तिकडं अंगणात दारं टेकवलेली. कुत्री सरळ स्वयंपाकघरात जायला लागली, एकाची कोंबडी दुसऱ्याच्या माळ्यावर अंडी घालायला लागली, आणि नवराबायकोची भांडणं रस्त्यावर ऐकू यायला लागली. पण माणसं घरात निजायला लागली. मोठ्या साहेबांचा दौरा पावसानं पुढं ढकलला होता; ते आले, मैदान रिकामं बघून खूश होऊन गेले. पेपरात आलं की प्रशासनाच्या आवाहनाला ग्रामस्थांनी प्रतिसाद दिला. मी ते पान गिरणीत नेऊन ठेवलं, पीठ सांडलं की पुसायला बरं पडतं. यंत्राची खोली अजून बंदच आहे, ते चालू आहे की नाही हे अजून मला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तरी मी विश्वास ठेवीन असं नाही.

बाळ तीन-चार महिन्यांचं झाल्यावर, आरती नांदेडला परत जायच्या आदल्या दिवशी वर्षाराणी पुन्हा आली. ऊन पडलेलं होतं. लक्ष्मम्मा रस्त्यावर आली आणि चहा घेतल्याशिवाय जायचं नाही म्हणाली. मी सवयीनं गिरणी बंद करून दारात उभा राहिलो. समोर आता दार नसल्यामुळं मला थेट मधल्या खोलीपर्यंत दिसत होतं. सतरंजी टाकलेली होती आणि तिच्यावर बाळ पालथं पडायची खटपट करत होतं.

वर्षाराणी ओसरीपर्यंत आली. चप्पल काढली, आणि तिथंच पायरीवर बसली.

"अम्मा, मी इथंच बसते," ती म्हणाली. "आत मला भीती वाटते."

लक्ष्मम्मानं तिच्याकडं पाहिलं. हातातला कप तिनं कट्ट्यावर ठेवला. मग चौकटीला नेहमीसारखा हात टेकवला, जरा वेळ तशीच उभी राहिली, आणि हात सोडून आत गेली. पहिली खोली ओलांडली. मधल्या खोलीत जाऊन भिंतीला पाठ लावून खाली बसली, बाळाला उचलून मांडीवर घेतलं आणि तिथून हाक मारली, "ये पोरी. मलाबी वाटती. मी बसते तुझ्यासंगं."

वर्षाराणी कप घेऊन आत गेली. लिंबाला टेकवलेल्या दारापाशी शिवमूर्ती उभा होता, त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि लगेच मान फिरवली. मीही गिरणी चालू करायची म्हणून आत वळलो, पण बराच वेळ मला बटण सापडेना.